बुडाली नाही, बुडवली!

विमानाचं मॉडेल करणाऱ्याचं विमान वर गेलं की खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात. बोट करणाऱ्याची बोट तरंगली की निदान पोरं तरी ओरडतात. आगगाडीवाल्याचं तर काहीच बिघडत नाही. त्याची गाडी गोल फिरून पुन्हा त्याच्याच समोर येते. पाणबुडीवाल्याचं नशीब वेगळं. त्याची पाणबुडी बुडाली की काठावरची माणसं हळहळतात, आणि बुडाली नाही तर तो स्वतः हळहळतो. जमलं तर काही दिसत नाही आणि दिसत राहिलं तर जमलेलं नाही, असा हा अख्ख्या दुनियेतला एकमेव छंद असावा.

असा छंद मुंबईत कुणी केला असता तर एक वेळ समजलं असतं. तिथं समुद्र आहे आणि गर्दीत न दिसण्याची माणसाला सवयही आहे. पण आमचे दाजी पडले कोल्हापूरचे. इथं नवी बुलेट घेतली तर ती निम्म्या पेठेला ऐकू जाईल अशी व्यवस्था आधी करतात. चौकात फलक लागल्याशिवाय इथं कुणाचं वय एका वर्षानं वाढत नाही. अशा गावात, जिचं यश कुणाच्याच नजरेला पडू नये अशी वस्तू घडवायला बसणं, याला जिगर लागते.

दाजींची उभी नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये झाली. ओतकामाचा साचा घ्यायला आधी लाकडाचा नमुना करावा लागतो. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना मुद्दाम तेवढा मोठा ठेवतात. कुठलीही गोष्ट हवी त्यापेक्षा थोडी मोठी करायची, हा संस्कार दाजींच्या हातात असा भिनला, की निवृत्त झाल्यावर त्यांनी बाल्कनीत दोन कुंड्या ठेवायच्या म्हटलं तरी आक्का आधी टेप घेऊन बाल्कनी मोजायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हायस्कूलला गणित शिकवते. हे पुढे महत्त्वाचं आहे.

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस ‘आयएनएस खांदेरी’ ही पाणबुडी मुंबईत आरमारात दाखल झाली आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी पेपरमधला तिचा फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला. खांदेरी म्हणजे थळच्या समोरचा महाराजांचा जलदुर्ग. १६७९ साली महाराजांनी तो बांधायला काढला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला, रसद तोडायचा प्रयत्न केला. बांधकाम काही थांबलं नाही.

“इंग्रजांना खांदेरी अडवता आली नाही,” दाजी मला म्हणाले. आवाज हळू होता, कारण आक्का पलीकडच्या खोलीत पेपर तपासत होती.

खरी खांदेरी ६७.५ मीटर लांब आणि ६.२ मीटर रुंद. मॉडेल कुठल्या प्रमाणात करायचं याचा दाजींनी फार अभ्यास केला आणि शेवटी निर्णय प्लंबरच्या दुकानात झाला. बाजारात १६० मिलिमीटरची पीव्हीसी पाइप मिळते. ६.२ मीटरला ४० नं भागलं की येतात १५५. सांडपाण्याची पाइप आणि भारतीय नौदल यांच्यात फक्त पाच मिलिमीटरचा फरक निघाला, याचा दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी प्लंबरला चहा पाजला. दुसऱ्या कुणी ते पाच मिलिमीटर रंगाच्या थरात जमा केले असते. पॅटर्नमेकरला ते कसं चालेल? पाइप लेथवर चढवून त्यांनी ते उतरवून घेतले.

एकास चाळीस म्हणजे लांबी १६९ सेंटीमीटर. दाजींचीही उंची तेवढीच भरते. आक्काला हा योगायोग आवडला नाही.

“आणि वजन?” तिनं विचारलं.

पाण्याखाली खऱ्या पाणबुडीचं वजन सुमारे १,७७५ टन. एकास चाळीस म्हटल्यावर साधा माणूस चाळीसनं भागतो आणि घरात ४४ टनांचा ऐवज येणार म्हणून जिन्याच्या कठड्याकडे बघतो. मीही बघितलं. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चाळीसपट कमी झाल्या की वजन कमी होतं चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे चौसष्ट हजार पट. आक्कानं हे तोंडी केलं. “अठ्ठावीस किलोच्या आत,” ती म्हणाली आणि पुन्हा पेपर तपासायला गेली. त्या वेळी आम्हाला वाटलं, परवानगी मिळाली. तिनं फक्त घनाचा नियम लक्षात ठेवला होता.

मधल्या भागाची पाइप झाली, पुढचं नाक आणि मागचं निमुळतं शेपूट सागवानात उतरलं. या सगळ्यावर मेण घासून, त्यावरून फायबरचा साचा काढायचा, साच्यात पुन्हा फायबरचं कवच ओढायचं, असं ते काम. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर पडला की उलटी मोजणी सुरू होते. मग दारावर कुणी येवो, फोन वाजो, गॅसवर दूध असो, माणूस ब्रश सोडू शकत नाही. त्यातून कोल्हापूरचा एप्रिल. एकदा हार्डनर अंमळ जास्त पडला आणि मग्यातलं रेझिन जागच्या जागी धूर काढत घट्ट झालं, आत उभ्या ब्रशसकट. आक्कानं तो मगा आता शाळेत नेलाय; मुलांना ‘घाई’ या विषयावर निबंध द्यायचा असला की मराठीच्या बाई तो मागून घेतात.

रेझिनमधल्या स्टायरिनचा वास हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. तो आधी घरात शिरतो, मग कपड्यांत, मग बोलण्यात. त्या महिन्यात दाजींकडे जेवायला गेलो तेव्हा तांबड्या रश्शाला तोच वास आणि पांढऱ्या रश्शालाही तोच. दोन रश्श्यांतला फरक फक्त रंगावरून ओळखायची वेळ कोल्हापूरच्या इतिहासात त्याआधी आली नसावी.

कवच मात्र देखणं झालं. वरचा अर्धा, खालचा अर्धा, वॉटरपेपर मारून गुळगुळीत, वर मॅट काळा रंग. शेजारीपाजारी बघायला येऊन गेले. आणि अशा त्या निर्दोष कवचाच्या पोटाला दाजींनी एके सकाळी ड्रिल लावलं आणि ओळीनं भोकं पाडायला सुरुवात केली.

मला वाटलं, वास डोक्यात गेला.

“अरे, पाणी आत यायला नको का?” दाजी म्हणाले.

इथून पुढे हा छंद सामान्य माणसाच्या आकलनाबाहेर जातो. पाणबुडीचं बाहेरचं कवच हे बहुतेक मॉडेलांत नुसतं रूप असतं. त्यात पाणी भरतं; भरायलाच हवं. खालच्या भोकांतून पाणी आत येतं, वरच्या फटींतून हवा बाहेर जाते. कोरडं ठेवायचं ते आतलं एक नळकांडं. कारण सगळं कवच कोरडं ठेवलं, तर अठ्ठावीस लिटर हवेची पेटी पाण्याखाली दाबायला अठ्ठावीस किलोचा ऐवज आत कोंबावा लागेल. म्हणून हुशार पाणबुडीवाला होता होईल तेवढं ओलं ठेवतो आणि अगदी आवश्यक तेवढंच कोरडं. जमिनीवर उचलली की भोकांतून पाणी गळून जातं आणि वजन निम्म्यावर येतं.

आक्कानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे स्वयंपाकघराचं छत गळतं तेही डिझाइनच का?”

दाजींनी त्याच आठवड्यात छताला डांबर मारलं. पाणबुडीनं घराला दिलेला हा पहिला फायदा.

आतलं नळकांडं ११० मिलिमीटर व्यासाच्या अॅक्रिलिकचं. आरपार दिसणारं, कारण पाणी शिरलंच तर कुठून शिरतंय ते कळावं. या छंदात आशावादी माणूस टिकत नाही. नळकांड्यात बॅटऱ्या, मोटर, सुकाणू हलवणारे सर्व्हो आणि मध्यभागी पाणी ओढणारी टाकी. टाकी म्हणजे मोठी पिचकारीच; दट्ट्या मागे ओढला की पाणी आत, पुढे ढकलला की बाहेर. पहिला प्रयोग गुरांच्या डॉक्टरांकडच्या सिरिंजवर झाला. नंतर दाजींनी पितळेचा सिलिंडर करून घेतला आणि दट्ट्या हलवायला गाडीच्या वायपरची मोटर लावली.

खरा प्रश्न होता मागच्या दांड्याचा. पंखा बाहेर, मोटर आत, मधला दांडा फिरता राहिला पाहिजे आणि त्याच्या बाजूनं थेंबही आत यायला नको. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम शंभर ग्रॅम असतो. आकडा किरकोळ आहे, पण पाण्याला दुसरं काही काम नसतं.

हे कोडं घेऊन दाजी उद्यमनगरात गेले. ऑइल इंजिनं आणि पंप करत ज्या गल्ल्या मोठ्या झाल्या, तिथं फिरता दांडा आणि न गळणारं पाणी हा बालवाडीचा धडा आहे. ग्लँड, ग्लँडदोरी, ओ-रिंग ही मंडळी तिथं घरच्यांच्या आधी आठवतात. दाजींनी पुठ्ठ्यावर काढलेलं चित्र मिस्त्रींसमोर ठेवलं. ते चित्र बघून दुसऱ्या कुठल्याही गावात ‘हे कशाचं?’ असा प्रश्न आला असता. मिस्त्रींनी चष्मा वर केला आणि विचारलं, “किती नग?”

“एकच.”

इतका वेळ निर्विकार असलेला तो चेहरा पहिल्यांदा हलला. “एकच? मग धंदा परवडतो कसा ओ?”

नळकांडं बंद झालं की तपासणी. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा, पंपानं थोडी हवा भरायची आणि घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. पंक्चरवाल्याची ही पद्धत जगभरच्या पाणबुडीवाल्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं ती तपासणी इतक्या आत्मविश्वासानं केली, की शेवटी सवयीनं खडबडीत कागद घासून ठिगळ लावायला निघाला होता.

मग सुरू झालं वजन जुळवणं, ज्याला हे लोक ट्रिम म्हणतात. आर्किमिडीज काय म्हणाला ते आपण नववीत पाठ केलं आणि दहावीत विसरलो: पाण्यात बुडालेल्या वस्तूला, तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका जोर वर ढकलतो. बोटीला यात भरपूर सवड असते. चार माणसं जास्त बसली तर बोट दोन बोटं खाली जाते आणि थांबते. पाणबुडी थांबत नाही. पूर्ण पाण्याखाली गेल्यावर ती दहा ग्रॅमनं जड असली तरी खालीच जात राहते, तळ लागेपर्यंत. दहा ग्रॅमनं हलकी असली तर वर येते, आक्का येऊन ‘झालं का?’ विचारेपर्यंत. शिवाय जडपणा पोटाशी आणि हलकेपणा पाठीशी हवा, नाहीतर ती पाण्यात शिरल्या शिरल्या कूस बदलते. त्यासाठी दाजींनी टायरवाल्यांकडून चाकं बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे गोळा केले आणि वरच्या अंगाला थर्माकोल चिकटवला.

हे सगळं दारातल्या हौदात. हौद दीड मीटर, पाणबुडी १६९ सेंटीमीटर. त्यामुळे ती कर्णरेषेत बसायची आणि पुढे जायचं म्हटलं तर तिला जागच्या जागी विचार करावा लागायचा. त्यात सकाळी जुळलेलं वजन दुपारी चुकायचं. दाजींना कुणीतरी शिसं चोरतंय असा संशय होता. पण पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की लिटरमागे अडीच ग्रॅमनं हलकं होतं. हौद उन्हात. सकाळी बरोब्बर तोललेली पाणबुडी दुपारी तळाला. एरवी उन्हात बसून माणसं जड होतात. इथं पाणी हलकं होत होतं.

रेडिओचा तर वेगळाच पेच. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं एका हौदात छोटी बोट दुरून, बिनतारेची, चालवून दाखवली तेव्हा लोकांना ती जादू वाटली. आता ती जादू खेळण्याच्या दुकानात मिळते. भाच्यानं दाजींना भारीतला २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणून दिला. हौदाच्या वर तो उत्तम चालला. पाणबुडी वीतभर खाली गेली आणि तिनं घरचं नाव टाकलं. इतक्या उच्च कंपनांच्या लहरी पाणी गिळून टाकतं. त्यापेक्षा २७, ४० मेगाहर्ट्झवाले जुने, लांब एरियलचे संच बरे. त्यांची हाक गोड्या पाण्यात काही फूट तरी पोचते. नवीन सोडून जुनं शोधावं लागतं, हे कळल्यावर दाजींना माळ्यावरचं काहीही टाकून न देण्याच्या आपल्या धोरणाचा शास्त्रीय आधार सापडला.

आणि समुद्रात? खाऱ्या पाण्यात हीसुद्धा हाक जात नाही. म्हणजे मुंबईकराला समुद्र असून उपयोग नाही. हा छंद करावा तर गोड्या पाण्याच्या गावानं. पंचगंगेच्या काठावर ही बातमी फार समाधानानं ऐकली गेली.

खऱ्या पाणबुडीशी बोलायला आरमार अतिशय कमी कंपनांच्या लहरी वापरतं. त्यासाठी तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ नावाचा तळ आहे, तिथं उंचच उंच मनोरे उभे आहेत. त्या लहरी पाण्याखाली पोचतात, पण पाणबुडीला त्याच वाटेनं उलट बोलता येत नाही. तेवढा मनोरा ती कुठं ठेवणार? फक्त ऐकून घ्यायचं आणि सांगितलं तिकडे वळायचं. दाजींना ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. लग्नापासून ते याच यंत्रणेवर आहेत.

मधूनमधून काम रखडायचं. आक्का विचारायची, कधी होणार? दाजींकडे उत्तर तयार होतं: खऱ्या पाणबुड्यांचा करार २००५ साली झाला आणि पहिली ‘कलवरी’ आरमारात आली २०१७ च्या डिसेंबरात. आक्का म्हणाली, “त्यांनी सहा केल्या.” त्यावर उत्तर नव्हतं.

फारच निराशा आली की दाजी विल्हेल्म बाऊअरची गोष्ट सांगायचे. हा बव्हेरियाचा तोफखान्यातला माणूस. त्यानं बांधलेली पाणबुडी १ फेब्रुवारी १८५१ रोजी कीलच्या बंदरात चाचणीलाच तळाला गेली. आत बाऊअर आणि दोन सोबती. झाकण उघडेना, कारण बाहेरून पाण्याचा दाब. बाऊअरनं सोबत्यांना सांगितलं, पाणी आत येऊ द्या. त्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पण पाणी आत आलं, आतली हवा दबत दबत बाहेरच्या दाबाएवढी झाली, झाकण उघडलं आणि तिघंही वर आले. बुडणाऱ्या पाणबुडीतून वाचायचा उपाय म्हणजे आणखी पाणी आत घेणं! पाणबुडी मात्र खालीच राहिली. १८८७ मध्ये ती वर काढली आणि आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. “बघ,” दाजी म्हणायचे, “बुडाली म्हणून तर संग्रहालयात गेली.”

शेवटी रंकाळ्यावर न्यायचं ठरलं. पाणबुडीला ओरखडा येऊ नये म्हणून आक्काच्या जुन्या गोधडीत गुंडाळून, सुतळीनं तीन ठिकाणी बांधून, व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली. साडेपाच फुटी, गोधडीत गुंडाळलेली. चौकात नाकाबंदी होती. हवालदारांनी आत बॅटरी मारली आणि ‘काय आहे?’ असं न विचारता विचारलं, “कोण आहे?”

दाजी अभिमानानं म्हणाले, “खांदेरी.”

“पूर्ण नाव सांगा.”

गोधडी सोडून दाखवल्यावर हवालदारांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना पाणबुडीत इतका रस वाटला की मागच्या गाड्यांची रांग त्यांनीच हॉर्न वाजवू नका म्हणून दमात घेतली.

रंकाळ्यावर संध्याकाळची गर्दी. गोधडी उलगडायच्या आत पन्नास माणसं जमली. कोल्हापुरात गर्दी नुसती बघत नाही. ती कामाला लागते. दोघांनी पाणबुडी धरली, एकानं दाजींना धरलं, एकजण मला म्हणाला, “मोटर कितीची हाय? सहा एचपीची टाका, पळंल.” खांदेरी पाण्यात उतरली, पुढे गेली, डौलात वळली. टाळ्या पडल्या. तिथं थांबले असते तर दाजी त्या संध्याकाळचे नायक होते. पण त्यांनी दट्ट्या मागे ओढला. आधी कवच गेलं, मग मनोरा, मग पेरिस्कोप. पाणी सपाट झालं.

“गेली!” गर्दी एका आवाजात म्हणाली.

“पैसं गेलं की ओ!”

तालमीतला एक पैलवान शर्ट काढून कठड्यावर चढला. त्याचा लंगोट कसलेला होता. आपल्यावर असा प्रसंग येणार याची त्याला खात्री असावी. दाजी रिमोट उंच धरून ओरडले, “अहो, बुडाली नाही! बुडवलीय!”

क्षणभर सगळे गप्प. मग बाकावर बसलेल्या एका आजोबांनी कानामागं हात नेत विचारलं, “कुठली पतसंस्था?”

हे ऐकून गर्दी दुपटीनं वाढली. कुणाकुणाच्या ठेवी अडकल्यात याची चौकशी सुरू झाली आणि पाणबुडी मागे पडली. इकडे ती खरंच कुठल्यातरी पाणवेलीत अडकली होती; रिमोटला दाद देईना. पण तिच्यात एक सोय असते: हाक बराच वेळ ऐकू आली नाही, की ती आपणहून टाकीतलं पाणी बाहेर टाकते आणि वर येते. तशी ती आली. जिथं खाली गेली तिथं नाही. पलीकडच्या कठड्याशी, जगाकडे पाठ करून बसलेल्या एका जोडप्याच्या पायापाशी. आधी पेरिस्कोप वर आला. जोडप्यानं तो महानगरपालिकेचा नवीन उपक्रम समजून जागा रिकामी केली.

त्यानंतर गर्दीत जायचं नाही असं ठरलं. आमच्या गावच्या मळ्यात शेततळं आहे. प्लॅस्टिकचा कागद घातलेलं, पाणी नितळ, पाणवेल नाही. काठाचा कागद एवढा निसरडा, की दाजींच्या कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक बांधाच्या आंब्याला बांधलं. प्रेक्षक तीन: मी, आक्का आणि मळ्यातले गणित-विज्ञानाशी काही देणंघेणं नसलेले वयस्कर वाटेकरी मामा.

त्या सकाळी सगळं जुळलं. खांदेरी संथपणे पाण्याखाली गेली. पहाटेच थर्मामीटर लावून तोललेलं वजन होतं. तळाला गेली नाही, वर आली नाही. पाण्याच्या मधोमध, कुठल्यातरी खोलीवर, ती थांबली. म्हणजे थांबली असणार. आभाळाच्या उजेडात पाणी चकाकत होतं आणि आम्हाला काहीही दिसत नव्हतं. दाजींचा चेहरा मात्र मुलगी पहिल्या नंबरानं पास झालेल्या बापासारखा.

बऱ्याच वेळानं मामांनी विचारलं, “चाललंय का?”

“चाललंय.”

“कळतंय कसं?”

“दिसत नाही ना? म्हणजे चाललंय.”

मामांनी मान हलवली. “आमच्या पाणंदीच्या रस्त्याचं काम बी असंच चाललंय.”

दाजींनी मला फोटो काढायला सांगितले. मी काढले. सगळ्यांत पाणी आहे. काहींत पाणी आणि दाजी. एका चार मिनिटांच्या व्हिडिओत शांत पाणी, मागून कोंबडा, आणि दाजींचा भारावलेला आवाज: “बघा, बघा!” हा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. पुण्याच्या काकूंनी लिहिलं, ‘छान तळं आहे, कुठलं?’ एका मेहुण्यानं विचारलं, ‘दाजी, विकताय का?’ दाजींचा स्वतःचा मुलगा, जो बंगळुरूला इंजिनियर आहे, त्यानं फक्त लिहिलं: ‘व्हिडिओ हँग झालाय.’

मला वाटलं, आता दाजी खचणार. चौकात फलक लावणाऱ्यांच्या गावात इतकी वर्षं राहिलेला माणूस. त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत अचूक कामाला साक्षीदार कोण, तर एक दोर आणि एक आंबा. पण दाजी फोन बाजूला ठेवून म्हणाले, “यांना दिसलं असतं तर त्यात राम नव्हता.” आणि लगेच पुढचं बोलले, जे ऐकून मी आक्काकडे बघितलं. “आता एकास वीस.”

आक्का चहा गाळत होती. गाळणी खाली ठेवली नाही.

“दुप्पट लांबी,” ती म्हणाली. “म्हणजे आठपट वजन. २२२ किलो.”

“अगं, जमिनीवर निम्मंच असतं,” दाजी म्हणाले. “बाकीचं पाणी.”

“मी पूर्ण धरणार. ते आर्किमिडीज तुम्हीच मला शिकवलंत ना? वस्तू जेवढी आत येते, तेवढं पाणी बाहेर जातं. घराला तोच नियम लागू आहे. २२२ किलो आत यायचं असेल, तर २२२ किलो आधी बाहेर गेलं पाहिजे. आणि माझ्या वस्तू धरायच्या नाहीत.”

दाजींनी माळ्याकडे बघितलं. तिथं बंद पडलेले तीन रेडिओ होते, ज्यांतल्या एकाच्या एरियलनं नुकतंच नाव काढलं होतं. बिनपात्यांचे दोन पंखे होते. फाउंड्रीच्या काळातले लाकडी नमुने, कुठल्या यंत्राचे ते आता त्यांनाही न आठवणारे. आणि जिन्याखाली, मुलाच्या जन्माआधीपासून, जुन्या ऑइल इंजिनचं एक फ्लायव्हील.

त्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नाही. मग एका रविवारी भंगारवाल्याला त्यांनी स्वतः हाक मारली आणि दोघांनी मिळून फ्लायव्हील अंगणात आणलं. भंगारवाल्याचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे की नाही, हे आक्कानं आधीच विचारून घेतलं होतं. फ्लायव्हील ६२ किलो भरलं. आक्कानं तो आकडा वहीत मांडला, खाली रेघ मारली आणि वही दाजींकडे फिरवली: शिल्लक १६०.